कान आणि डोळा

अणशीच्या घाटात गाडी दिसण्याआधी ऐकू येते. झाडी इतकी दाट, की गाडी चढतेय का उतरतेय ते कानानंच ठरवायचं. मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच-सहा जणी तिथल्या एका ओसरीवर बसून हाच खेळ खेळत होतो, आणि मला याच जोयडा तालुक्यातलं कॅसलरॉक आठवलं.

तिथल्या रानातून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई गोवामुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवत. २५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीला सुरू झालेलं हे केंद्र पुढे कॅसलरॉकला आलं. पोर्तुगीज रेडिओ काय सांगतो ते ऐकायचं, त्यातलं खोटं निवडून काढायचं आणि कोंकणी-पोर्तुगीजमधून गोव्याला खरं सांगायचं. सहा वर्षं एका बाईनं हे काम जंगलात राहून केलं!

लढाईतही असा कान लागतो. पण नुसता कान पुरत नाही. शत्रूच्या बिनतारी संदेशाची दिशा दोन ठिकाणांहून पकडली आणि नकाशावर दोन रेषा ओढल्या, की त्या जिथं छेदतात तिथं आसपास त्याचं यंत्र असतं. ‘आसपास’ म्हणजे कधी कधी अख्खं गाव. म्हणून मग विमानातून फोटो काढतात. एकाच जागेचे लागोपाठचे दोन फोटो जोडभिंगातून पाहिले की उंचसखल कळतं. सावलीवरून खांबाची उंची मोजता येते.

याचा मोठा दाखला १९४३ चा. बाल्टिक किनाऱ्यावर जर्मन रडारवाले कसल्याशा उडत्या वस्तूच्या नोंदी बिनतारीवर कळवत होते. इंग्रजांनी त्या चोरून ऐकल्या आणि वस्तू कुठून सुटते ते ताडलं. २८ नोव्हेंबरला त्यांच्या विमानानं तिथले फोटो आणले. कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या बाईंनी पेनेम्यूंडेच्या फोटोत उतरणीवर ठेवलेलं इवलंसं विमान ओळखलं. तो व्ही-१, उडता बॉम्ब. कानानं जागा सांगितली, डोळ्यानं वस्तू दाखवली.

आता आपल्या शेजारचा गोवा. १८ डिसेंबर १९६१. हवाई मोहिमेचे प्रमुख होते एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो. हुकूम नेमका होता: दाबोळीची धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनलची इमारत आणि इतर सोयींना धक्का लागू देऊ नका, आणि बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडा. बारा कॅनबेरा विमानांनी पट्टी उखडली, सहा हंटरांनी केंद्र फोडलं. टर्मिनल तसंच उभं राहिलं. त्याच रात्री घाईघाईनं डागडुजी केलेल्या पट्टीवरून दोन प्रवासी विमानं पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या बायका-मुलांना घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी शरणागती झाली. लिबियाबाईंनी आणि वामनरावांनी मग विमानातूनच गोव्याला मुक्तीची बातमी सांगितली.

गृहस्थाला विरोधी हिंसा टळत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण टळत नाही म्हणून ती हिंसा नव्हे, असं कुणी शिकवलेलं नाही. त्या दोन दिवसांत दोन्हीकडची माणसं गेलीच.

मला वाटतं ते एवढंच. कुणीतरी बोलतंय, हे कान सांगतो. तिथं एक छप्पर आहे, हे डोळा सांगतो. छपराखाली कोण निजलंय, ते दोघांनाही सांगता येत नाही. आज ही यंत्रं कितीतरी तीक्ष्ण झाली आहेत, आणि नेम धरणाऱ्याला वाटतं, आपल्याला सगळं कळलं. पण हुकमात ‘धावपट्टी’ लिहिताना पुढे ‘इमारत सोडून’ असंही लिहावं लागतं, आणि ते माणसालाच सुचावं लागतं.