तंजावरचा राजवाडा आणि कार्तिकातले वारे

आपल्याकडे घर शाकारण्याचे दिवस म्हणजे चैत्र-वैशाख. मृगापूर्वी कौले चाळून घ्यावीत, पन्हळी मोकळ्या कराव्यात, हे कोकणातल्या पोरासही सांगावे लागत नाही. आणि दिवाळी आली की पाऊस संपला, ही समजूतही तितकीच जन्मजात. बदली होऊन तंजावरास आलेल्या मराठी माणसाला हीच समजूत फसविते. तेथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरापर्यंत चालतो, आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळे बहुधा याच दिवसांत त्या किनाऱ्याकडे वळतात. आपण आकाशकंदील उतरवून ठेवतो त्या सुमारास तेथे छपरांची खरी परीक्षा असते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, तेव्हा त्यांच्यामागून आलेल्या मराठी कुटुंबांना तमिळ भाषेच्या आधी हे पंचांगच नव्याने शिकावे लागले असेल.

तो किनारा वादळांना अपरिचित नाही. ३० नोव्हेंबर १९५२ आणि १२ नोव्हेंबर १९७७ या दोन्ही तारखा नागपट्टणच्या परिसरात घराघरांतून विध्वंस करून गेल्या. अलीकडचे ‘गज’ वादळ १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे नागपट्टण व वेदारण्यम् यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरांच्या वाऱ्याने पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडु या भागांतले माड आडवे केले. ही नावे आपल्या इतिहासालाही परकी नाहीत. ओरत्तनाडूला सरफोजीराजांनी मुक्तांबाबाईंच्या नावे छत्र उभारले. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ बांधलेला त्यांचा मनोरा पट्टुकोट्टैच्या किनाऱ्यावर आहे. माड पडला म्हणजे झाड पडले एवढेच नव्हे. उंच जातीचा माड लावल्यापासून सहा-सात वर्षांनी फळतो, तेव्हा एका रात्रीत गेलेले उत्पन्न मिळविण्यास मुलांचे शिक्षण होण्याइतका काळ जातो.

वाऱ्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वादळाचा मध्य डोक्यावरून जातो तेव्हा वारा प्रथम उत्तरेकडून येतो, मग क्षणभर शांतता पडते, आणि नंतर तोच वारा दक्षिणेकडून उलटा झोडपतो. पहिल्या माऱ्याने मुळे सैल झालेले झाड दुसऱ्याने पडते; शांततेत बाहेर पडलेली माणसेही त्यात सापडतात. त्यात जमीन आधीच महिनाभराच्या पावसाने भिजलेली. दाट डेऱ्याचे, उथळ मुळांचे झाड अशा चिखलात किती तग धरणार? काटक ताड मात्र बहुधा उभा राहतो.

राजवाड्याचे संकट निराळे. नायकांनी आरंभिलेल्या आणि भोसल्यांनी वाढविलेल्या त्या विटा-चुन्याच्या जाड भिंतींना वारा सहसा हलवीत नाही. भीती पाण्याची आणि पिंपळाची. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले एक बी गच्चीच्या भेगेत रुजते, मूळ चुन्यात शिरते, भेग रुंदावते, आणि पुढच्या वादळी पावसाचे पाणी थेट आत उतरते. आत सरस्वती महाल आहे. तेथली तमिळ व तेलुगू पोथ्यांची बरीच संपत्ती ताडपत्रांवर आहे. मराठीची हस्तलिखिते, सुमारे तीन हजार, आणि मोडी कागदांचे गठ्ठे मात्र बव्हंशी कागदावरचे. ओलावा ताडपत्रालाही मानवत नाही, पण भिजलेला कागद फार लवकर हातचा जातो. त्या गच्चीवरल्या पन्हळीशी मराठी वाङ्मयाचा संबंध इतका निकटचा आहे.

या ग्रंथालयाचा खरा पोशिंदा दुसरा सरफोजी. १७९८ साली तो गादीवर बसला आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला. दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता. याने काशीपासून युरोपापर्यंतचे ग्रंथ जमविले, विकत घेतलेल्या पुस्तकांवर स्वतःची सही केली, औषधी वनस्पतींची चित्रे काढवून घेतली. आपण बदलीवाले मात्र तीन वर्षांच्या क्वार्टरला ‘सरकारी’ म्हणून हात लावीत नाही. १८५५ साली राज्य खालसा झाले. १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांस खुले झाले. आज राजवाड्यात ग्रंथालय आहे, कलादालन आहे, राजघराण्याचे वंशजही राहतात. जेथे धनी अनेक, तेथे दोन हद्दींमधली पन्हळ कोणी साफ करावयाची, हा प्रश्न प्रत्येक जुन्या वाड्यात असतो. त्याचे उत्तर वादळापूर्वी मिळाले तरच उपयोग.

म्हणून दसऱ्याच्या आतच गच्चीवर चढावे. पिंपळाचे रोप नुसते उपटू नये, तुटलेले मूळ पुन्हा फुटते. मुळापर्यंत काढून भेग चुन्याने बुजवावी. घरावर ओणवलेल्या आणि वाळलेल्या फांद्या उतरवाव्यात, डेरा विरळ करावा. शेंडा मात्र तोडू नये, कारण त्या जागी फुटणाऱ्या फांद्या दुबळ्या असतात आणि त्याच प्रथम मोडतात. माडाच्या जुन्या झावळ्या व पिकलेले नारळ काढून ठेवावेत. वादळात एखादा कोवळा माड नुसता कलला असेल तर तो तोडू नये. माती ओली आहे तोवर हलके सरळ करून टेकू द्यावा, बुंध्याशी भर घालावी.