चुन्यात मुरलेले पाणी

खजाना विहिरीचे नाव बीडच्या श्रोत्यांस नव्याने सांगावयास नको. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. कामाचा कर्ता म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगतात. विहिरीत भरलेल्या पाण्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते जुन्या बांधकामांच्या चुन्यात मुरलेल्या पाण्याविषयी.

चुना वाळून घट्ट होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. ५६ शेर कळीच्या चुन्यास विरण्यापुरते १८ शेर पाणी हिशेबाने पुरते. पण विरताना तो इतका तापतो की बरेच पाणी वाफ होऊन जाते, म्हणून गवंडी सढळ हाताने ओततो. पुढे हा चुना हवेतील कर्बवायू घेऊन पुन्हा चुनखडी बनतो आणि घेतलेले पाणी सोडून देतो. पण पाण्याखाली हवा कोठून पोचणार? तेथे निव्वळ चुना मऊच राहतो. त्यास भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, द्यावी लागते. नाही तर मातीमिश्रित चुनखडीच भाजावी लागते. मग चुना व भाजलेली माती मिळून पाणी आपल्यात बांधून घेतात, आणि बुडालेला सांधाही आवळत जातो.

दख्खनच्या काळ्या जमिनीत व ओढ्यांच्या काठी चुनखडीचे जे खडे सापडतात, त्यांत माती मुळातच असते. इंग्लंडात जॉन स्मीटनने एडिस्टनच्या दीपगृहासाठी १७५६ मध्ये निरनिराळे चुने तपासले, तेव्हा पाण्यात आवळणाऱ्या चुन्याचे मर्म त्यास ह्या मातीत सापडले. आमच्या गवंड्यांस हे शास्त्र आधीच अवगत होते, अशी बढाई आम्ही मारणार नाही. घाणीत चुना किती मळावा आणि पाणी किती बेताने शिंपडावे, एवढे मात्र त्यांच्या हातांस कळत होते.

१८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि बेताचा प्रश्न अधिकच नाजूक झाला. शंभर भाग सिमेंट सुमारे पंचवीस भाग पाणी रासायनिक रीतीने बांधते. पुरते मुरण्यास चाळीसच्या आसपास लागते. त्याहून जास्त पाणी उडून जाते आणि मागे छिद्रे राहतात. अमेरिकेत डफ अब्राम्सने १९१८ मध्ये हे प्रयोगांनी मांडले. दंतवैद्याचे फॉस्फेटचे सिमेंट तर याहून हळवे. जस्ताची भस्मपूड ज्या आम्लात कालवतात, त्यात सुमारे एकतृतीयांश पाणी असते. बाटली उन्हाळ्यात उघडी राहिली तर पाणी उडते आणि सिमेंट उशिरा आवळते. दमट हवेत आम्ल पाणी ओढते आणि ते घाईने आवळून कच्चे राहते. म्हणून बूच लगेच लावतात.

आमच्या टंचाईच्या जिल्ह्यात मात्र उलटा व्यवहार दिसतो. कालवताना काम सोपे व्हावे म्हणून पाणी भरपूर, आणि नंतर भिंतीवर मारावयाच्या वेळी टँकरची आठवण! पाणी वाचवावयाचे तर ते कालवतानाच वाचवावे.

याहून मोठी काळजी जुन्या बांधकामांची. चुन्याच्या दरजांवर सिमेंट थापले की आतील ओल कोंडते व दगडातून वाट काढते. क्षार दगडाचा पापुद्रा सोडवितात. दुरुस्ती चुन्यानेच व्हावी. सुरखी नसेल तर परळीच्या वीजकेंद्राच्या बारीक राखेचा विचार करावा. राखही चुन्याशी तेच नाते जोडते. आधी कालवलेल्या चुन्याची गोळी काही दिवस ओलसर ठेवून मग पाण्याच्या हंड्यात सोडावी. कित्येक आठवड्यांनीही ती बोटाने दबली, तर तो चुना विहिरीच्या पाण्याखालच्या दरजांत भरू नये.