धारवाडचे पाळवणकर बाळू

धारवाडचे नाव निघाले की आपल्या बीदर-कलबुर्गीकडील जुन्या मराठी घरांत मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांची आठवण हटकून होते. त्याच धारवाडात १८७०च्या दशकात जन्मलेल्या एका मराठी चर्मकाराच्या मुलाचे नाव मात्र सहसा कोणी काढीत नाही. पाळवणकर बाळू हे भारतीय क्रिकेटमधील पहिले थोर गोलंदाज होत. आडनाव कोकणातील पाळवण गावचे. वडील लष्करात नोकरीस होते.

पुण्यात पारशांच्या मैदानाची झाडलोट करता करता ते चेंडू टाकू लागले. पुढे युरोपियनांच्या क्लबात दरमहा ४ रुपयांवर राहिले. तेथे खेळपट्टी राखावी आणि ग्रेगसाहेबासारख्या नामांकित फलंदाजास सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करावी, हे त्यांचे काम. बॅट हाती मिळाली नाही. डावखुरी फिरकी मात्र तेथेच घोटली गेली.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळू हवे होते. तेव्हा वाद उठला, आणि मग एक तोडगा निघाला: मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा, चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यावा. पंढरीची वारी करणाऱ्या आपल्या मंडळींना चोखोबांची समाधी कोठे आहे हे सांगावयास नको. विटाळ चेंडूला लागत नाही, कपाला लागतो, हे शास्त्र कोणत्या ग्रंथातले, कोण जाणे!

मुंबईत आल्यावर हे बंधन सैल झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघातून बाळू इंग्लंडला गेले. पस्तिशीचे वय, दुखरा खांदा, संघ दुबळा. तरी त्यांनी ११४ बळी मिळविले.

कर्णधारपद मात्र त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांनाच संघातून वगळले आणि धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून नेतृत्व दुसऱ्याकडे दिले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघा भावांनी खेळण्यास नकार दिला. अखेर व्यवस्थापकांनी नमते घेऊन बाळूंना उपकर्णधार केले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरविले. माझ्या मते हा विजय बाळूंच्या शेकडो बळींहून मोठा आहे. दलित गोलंदाजाची गरज कोणालाही पडू शकते. दलित कर्णधाराची आज्ञा मानावी लागते.

राजकारणात बाळूंचा मार्ग डॉ. आंबेडकरांहून वेगळा होता. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. या एका पराभवामुळे पुढे त्यांचे नाव दोन्हीकडून मागे पडले, असे वाटते: सवर्णांना त्यांचा खेळ आठवला नाही, आणि चळवळीला त्यांची उमेदवारीच आठवत राहिली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बाळूंनी स्वतःचे चरित्र लिहिले नाही. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ साली प्रसिद्ध झाले, आणि ते मराठीत आहे.