आंतरराष्ट्रीय युवा धोरणात भारत कुठे आहे? आणि त्यात वैजापूरचा तरुण कुठे?

दरवर्षी १२ ऑगस्टला सोशल मीडियावर आंतरराष्ट्रीय युवा दिनाच्या पोस्ट फिरतात आणि १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिनाच्या. दोन्ही दिवशी एक वाक्य हमखास वाचायला मिळतं : भारत हा तरुणांचा देश आहे. ते खरंही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०१४ च्या अहवालानुसार भारतात १० ते २४ वयोगटातले ३५.६ कोटी लोक होते, म्हणजे जगात सर्वाधिक.

पण एवढी संख्या असलेला देश जगाच्या युवा धोरणात नेमकं काय करतो? आणि वैजापूरसारख्या तालुक्यातल्या मुलामुलींचा आवाज तिथपर्यंत पोहोचण्याचा रस्ता कोणता? सोप्या भाषेत समजून घेऊ.

युवा धोरण जगाच्या पटलावर कधी आलं?

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून जाहीर केलं. सहभाग, विकास आणि शांतता ही त्याची तीन सूत्रं होती. त्यानंतर १९९५ मध्ये महासभेने युवकांसाठीचा जागतिक कृती कार्यक्रम मंजूर केला. शिक्षण, रोजगार, आरोग्य, निर्णयप्रक्रियेतला सहभाग अशा विषयांवर देशांनी काय करावं, हे त्यात सांगितलं आहे. १९९९ मध्ये १२ ऑगस्ट हा दिवस ठरला. २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २२५० मंजूर करून शांतताप्रक्रियेत तरुणांना स्थान देण्याचं आवाहन केलं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं स्वतंत्र युवा कार्यालय स्थापन करण्याचा निर्णय झाला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. युवा कृती कार्यक्रम हा कायदा नाही. तो पाळला नाही म्हणून कोणत्याही देशाला दंड होत नाही. अंमलबजावणी शेवटी प्रत्येक देशाच्या हातात असते.

भारताने काय केलं?

भारताची सुरुवात १९८५ च्या आधीची आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे आपली एनएसएस सुरू झाली. शिक्षण सुटलेल्या ग्रामीण तरुणांसाठी १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रं आली.

युवा वर्षाच्या निमित्ताने केंद्रात युवक कल्याण आणि क्रीडा यांचा स्वतंत्र विभाग झाला. स्वामी विवेकानंदांची जयंती राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळायला सुरुवात झाली तीही १९८५ पासूनच. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्या वर्षातली मोठी घटना मात्र सरकारी नव्हती. सत्तरी ओलांडलेले बाबा आमटे तरुणांना सोबत घेऊन डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने 'भारत जोडो' यात्रेला निघाले.

१९८८ मध्ये देशाचं पहिलं राष्ट्रीय युवा धोरण आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने ६१वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. पुढे २००३ आणि २०१४ मध्ये नवी धोरणं आली. ३१ ऑक्टोबर २०२३ ला 'मेरा युवा भारत' म्हणजे 'माय भारत' ही संस्था आणि तिचं पोर्टल सुरू झालं.

तरुण म्हणजे किती वर्षांचा?

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत तरुण म्हणजे १५ ते २४ वर्षांचा. सुरक्षा परिषदेच्या ठरावात १८ ते २९. राष्ट्रकुलात १५ ते २९. आफ्रिकन युवा सनदेत १५ ते ३५. भारताच्या २००३ च्या धोरणात १३ ते ३५ होतं, ते २०१४ मध्ये १५ ते २९ झालं.

म्हणजे वैजापूरची २७ वर्षांची मुलगी भारत सरकारच्या लेखी तरुण आहे, पण संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत नाही. त्यामुळे कुठेही अर्ज करण्याआधी त्या योजनेची वयोमर्यादा बघा. आपण तरुण आहोत असं गृहीत धरू नका.

मग भारताची आंतरराष्ट्रीय भूमिका काय?

ती मुख्यतः तीन प्रकारची आहे.

एक, यजमानपद. २०१६ मध्ये ब्रिक्स युवा परिषद गुवाहाटीत झाली. २०२३ मध्ये जी-२० चं अध्यक्षपद भारताकडे असताना वाय-२० ची सुरुवातीची बैठकही गुवाहाटीत झाली आणि शिखर परिषद ऑगस्टमध्ये वाराणसीत. कामाचं भविष्य, हवामान बदल, शांतता, लोकशाहीतला सहभाग आणि आरोग्य हे तिचे पाच विषय होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत जी-२० च्या महिला गटाची, म्हणजे डब्ल्यू-२० ची, पहिली बैठक छत्रपती संभाजीनगरात झाली. वैजापूरपासून जेमतेम सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर.

दोन, संस्थात्मक सहकार्य. राष्ट्रकुल युवा कार्यक्रमाचं आशिया केंद्र अनेक वर्षं चंदीगडमध्ये होतं. इतर देशांशी युवा शिष्टमंडळांची देवाणघेवाणही चालते.

तीन, व्यक्ती. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हवामान बदलावर सल्ला देण्यासाठी सात तरुणांचा गट नेमला. त्यात ओडिशातल्या खडिया आदिवासी समाजातल्या अर्चना सोरेंग होत्या.

वैजापूरमधून रस्ता कुठून जातो?

पहिला दरवाजा कॉलेजचा. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. दिल्लीतल्या प्रजासत्ताक दिन संचलनाची निवडही याच वाटेने होते. दुसरा दरवाजा माय भारतचा. त्यासाठी विद्यार्थी असण्याची अट नाही. तिसरा, १८ ते २५ वयोगटासाठीची राष्ट्रीय युवा संसद, जी २०१९ पासून जिल्हा, राज्य आणि देश अशा टप्प्यांनी झाली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या 'विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग'चा पहिला टप्पा तर ऑनलाइन प्रश्नमंजूषेचा होता. तिथे गाव आडवं येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत बसण्याचे मार्ग मात्र मोजके आहेत. देशाच्या अधिकृत शिष्टमंडळातून किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत. शिष्टमंडळात कोण जाणार, हे सरकार ठरवतं.

'तुमची निवड झाली आहे' असा मेल आला तर?

तर आधी थांबा. परदेशातल्या 'युवा परिषदे'साठी निवड झाल्याचं सांगून हजारो रुपये फी मागणारे मेल आणि मेसेज सर्रास फिरतात. मॉडेल यूएन ही शैक्षणिक स्पर्धा आहे. तिचं प्रमाणपत्र संयुक्त राष्ट्रांचं नसतं. नोकरभरतीच्या कोणत्याही टप्प्यावर संयुक्त राष्ट्रं पैसे घेत नाहीत. आयोजक कोण आहे, पैसे कुणाच्या खात्यात जाणार आहेत आणि अर्ज न करताच निवड कशी झाली, हे तीन प्रश्न विचारले तरी बरंच काही उघड होतं.

सहभाग म्हणजे फक्त परिषद नाही

लोकसभा किंवा विधानसभा लढवायला २५ वर्षं पूर्ण लागतात, ग्रामपंचायत लढवायला २१. ग्रामसभेत बोलायला मात्र १८ पुरे, गावच्या मतदारयादीत नाव असलं की झालं. तिथे अर्ज नाही, निवड नाही, फी नाही.

न्यूयॉर्कमधल्या ठरावात 'निर्णयप्रक्रियेत तरुणांचा सहभाग' असे शब्द असतात. वैजापूर तालुक्यात त्याचा अर्थ गावातलं पाणी, रस्ता आणि शाळा यांच्या खर्चावर पंचविशीच्या आतल्यांनी प्रश्न विचारणं असा होतो. जगाच्या मंचावर भारताच्या शब्दाला वजन येतं ते अशा ग्रामसभांतून. म्हणून आधी मतदारयादीत नाव आहे का ते बघा, आणि पुढची ग्रामसभा कधी आहे ते ग्रामपंचायतीत विचारा.