लढवय्यानं वसवलेलं गाव

इतिहासाच्या पुस्तकात सरदार भेटतात ते रणांगणावर. लढाई संपली की ते पुस्तकातूनही नाहीसे होतात. पुढे ते कुठे राहिले, त्यांनी काय केलं, हे मुलं विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही. म्हणून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांची ही गोष्ट.

अठराव्या शतकात मिरज हे पटवर्धनांचं मोठं ठाणं होतं. पेशव्यांच्या दक्षिणेकडच्या मोहिमांत हे घराणं आघाडीवर असे. 1800 साली धोंड्या वाघाविरुद्धच्या मोहिमेत पंचविशीतले चिंतामणरावही होते. कित्तूरच्या बाजूला झालेल्या लढाईत धोंडोपंत गोखले मारले गेले, चिंतामणराव जखमी झाले. पुढच्याच वर्षी घरातला वाद विकोपाला गेला आणि जहागिरीची वाटणी झाली. मिरजेचा किल्ला चुलते गंगाधररावांकडे राहिला. चिंतामणराव आपला वाटा घेऊन आठ-दहा किलोमीटरवरच्या, कृष्णाकाठच्या लहानशा सांगलीत आले.

तिथे त्यांनी गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं देऊळ उभारलं, माणसं आणून वसवली. 1818 मध्ये पेशवाई संपली, तरी गाव वाढत राहिलं. 1843 साली त्यांच्याच आश्रयानं विष्णुदास भावे यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं. 1851 मध्ये चिंतामणराव वारले, तेव्हा सांगलीला येऊन त्यांना 50 वर्षं झाली होती.

अशी माणसं इतरत्रही दिसतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला रुफस पटनम हा सेनानी 1788 साली सुमारे 50 जणांना घेऊन पश्चिमेकडे गेला आणि ओहायो व मस्किंगम या नद्यांच्या संगमावर त्यानं मॅरिएटा हे गाव वसवलं. तो मुलूख रिकामा नव्हता. तिथल्या मूळ रहिवाशांना पुढे आपली जमीन गमवावी लागली. सांगलीतही चिंतामणरावांच्या आधी वस्ती होतीच. ‘अमक्यानं गाव वसवलं’ असं शिकवताना एवढं मुलांना जरूर सांगावं.

दोन्ही गावं नदीकाठी, संगमाजवळ. पाणी, सुपीक जमीन आणि वाहतूक यांसाठी असा काठ सोयीचा. पण नदी आपला हिशेब वेगळा ठेवते. मॅरिएटा 1913 च्या मोठ्या पुरात बुडालं. सांगलीचं काय होतं?

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. कऱ्हाडला तिला कोयना मिळते. म्हणजे सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस सांगलीच्या पुलाखालून जातो. सांगलीच्या खाली लगेच, हरिपूरला, वारणा मिळते. वारणेलाही पूर असला की संगमाशी पाणी तुंबतं आणि त्याचा फुगवटा मागे सांगलीपर्यंत येतो. नदीला इथे उतारही कमी. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 आणि 2021 मध्येही शहरात पाणी शिरलं.

मग चिंतामणराव चुकले का? असा प्रश्न वर्गात विचारायला हरकत नाही, पण उत्तर घाईनं देऊ नये. त्यांच्या काळी नदीकाठची मोकळी जमीन पुराला पसरायला शिल्लक होती. पुढच्या पिढ्यांनी त्याच सखल जमिनीवर घरं बांधली. जागा एकानं निवडली, पण ती कशी वापरायची हे पुढच्या प्रत्येक पिढीनं ठरवलं.

आपल्या गावाचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. सगळ्यात जुनं देऊळ, वाडा, बाजार कुठे आहे ते त्यावर दाखवा. मग आजी-आजोबांना विचारून प्रत्येक पुराची रेघ वेगळ्या रंगानं काढा. कोणत्या वस्त्या रेघेच्या आत आहेत, त्या कधी झाल्या आणि तिथे कोण राहतं, हे मुलांनी स्वतः शोधावं. इतिहास आणि भूगोल या दोन तासांमधली भिंत त्या कागदावर आपोआप पडेल. आणि पुढचं घर कुठे बांधू नये, हेही मुलांना कळेल.