मोकळ्या जागेचे भांडण

हास्केल या फंक्शनल, म्हणजे गणिती फलनांच्या जुळणीवर उभ्या असलेल्या प्रोग्रामिंग भाषेत ओळीच्या डावीकडे सोडलेली मोकळी जागा शोभेपुरती नसते. पीटर लँडिन यांनी 1966 मध्ये मांडलेल्या ‘ऑफसाइड नियमा’तून ही रीत आली असून, गटातील पहिला शब्द ज्या स्तंभात सुरू होतो त्याच्या डावीकडे पुढची ओळ सरकली की तो गट संपला, असे तीत मानले जाते. हास्केलच्या 1990 च्या पहिल्या अहवालातील भाषेत महिरपी कंस आणि अर्धविराम वापरण्याचीही सोय होती, पण ती फारशी कोणी घेतली नाही. भाषेच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या फिलिप वॅडलर यांनी तर गमतीने असा नियमच सांगून ठेवला, की अर्थापेक्षा लेखनरूपावर, आणि त्याहूनही अधिक टिपणी कोणत्या चिन्हांत लिहावी यावर माणसे हिरिरीने भांडतात.

अनेक हातांनी लिहिल्या जाणाऱ्या प्रकल्पात हे भांडण महाग पडते. पाच व्याख्यांची बरोबरीची चिन्हे हौसेने एकाखाली एक आणली आणि पुढे कोणी त्यांत लांब नावाची सहावी व्याख्या घातली, की उरलेल्या पाचही ओळींत जागा वाढवावी लागते. मग बदलांच्या नोंदीत एकाऐवजी सहा ओळी दिसतात आणि त्याच ओळींवर दुसरा कोणी काम करत असल्यास दोघांचे बदल एकमेकांवर आदळतात.

म्हणून कोडची मांडणी आपोआप लावणारे फॉरमॅटर आले. हिंडेंट हा आरंभीचा फॉरमॅटर कोड वाचण्यासाठी कंपायलरहून वेगळ्या पार्सरवर विसंबून असल्याने भाषेत नवी वाक्यरचना आली की अडखळत असे. ट्वीग या कंपनीने 2019 मध्ये आणलेल्या ऑर्मोलूने जीएचसी या कंपायलरचाच पार्सर घेतला, मांडणीच्या आधीची आणि नंतरची वाक्यरचना ताडून पाहिली आणि शैली बदलण्याची मुभा जवळजवळ नाकारली; गोफम्टने गो भाषेत तोच हट्ट आधी यशस्वी केला होता. गंमत अशी, की ओळ कुठे मोडावी हे ठरवणारी वॅडलर यांची पद्धत 2017 मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रेटिअरने उचलली, तर खुद्द हास्केलच्या ऑर्मोलूने तो निर्णय बराचसा लिहिणाऱ्यावरच सोडला.

ऑर्मोलूची दोन मोकळ्या जागांची सक्ती काहींना मानवली नाही. ऑर्मोलूतून फुटलेल्या फोरमोलूने मूळ मांडणी चार जागांची ठेवून पसंतीनुसार बदल करण्यासाठी एक फाइल देऊ केली. त्या फाइलमध्ये काय लिहावे, हे मात्र प्रत्येक प्रकल्पाला आपापसांत बसूनच ठरवावे लागते.