आस्वादकांची परंपरा : विगन कॅसिनो आणि गिरणगावचा तमाशा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तुटला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे कारंज्यावरून गेली, तीही कापसासाठीच. मुंबईच्या गिरण्याही कापसावरच उभ्या राहिल्या. लँकेशायर आणि गिरणगाव या दोन कामगारवस्त्यांनी पाळीच्या भोंग्याबाहेरची आपापली रात्र घडविली. या रात्रींचा वारसा मात्र वेगवेगळ्या ठिकाणी साठला. वाङ्मयेतिहासाला तो भेद विचारात घ्यावा लागेल.

विगन हे कोळसा आणि कापड यांवर जगलेले गाव. तेथील कॅसिनो या नृत्यगृहात २३ सप्टेंबर १९७३ ते ६ डिसेंबर १९८१ या काळात सोल संगीताच्या रात्री रंगत. मध्यरात्रीनंतर सुरू झालेले नृत्य सकाळपर्यंत चाले. मद्य विकले जात नसे. वाजत त्या बहुतांशी १९६० च्या दशकातील कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांच्या तबकड्या, आणि त्यांतही अनेक मायदेशी न खपलेल्या. या संगीताला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले डेव्ह गॉडिन यांनी, तेही आपल्या लंडनमधील दुकानात उत्तरेकडची गिऱ्हाइके काय मागतात हे पाहून. संगीत उत्तरेत निर्माण झालेलेच नव्हते; उत्तरेची होती ती अभिरुची. आस्वादकाने परंपरा घडविल्याचे इतके निर्भेळ उदाहरण अभिग्रहण-सिद्धान्ताच्या अभ्यासकांना क्वचितच सापडेल.

येथे कर्त्याचे नाव तर हेतुपुरस्सर पुसले जाई. प्रतिस्पर्ध्याला तबकडी सापडू नये म्हणून ती वाजविणारे तिचे मूळ नाव झाकून खोटे नाव जाहीर करीत. फ्रँक विल्सन यांचे १९६५ चे ‘डू आय लव्ह यू’ हे गाणे एडी फॉस्टर या नावाने गाजले. त्याच्या मूळ तबकडीच्या अगदी मोजक्या प्रती शिल्लक होत्या. २००९ मध्ये त्यांतील एक पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. यांत्रिक पुनर्निर्मितीने कलाकृतीचे वलय विरते, हे वॉल्टर बेंजामिनचे प्रतिपादन या व्यवहाराने उलटे केले. अपयशामुळे दुर्मिळ झालेली यांत्रिक प्रतच वलयांकित ठरली. हे वलय कामगारांनी दिले आणि पैसा संग्राहकांनी केला, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही.

लालबागचे हनुमान थिएटर हे तमाशाचे ठिकाण. नेराळे कुटुंबाने चालविलेल्या या थिएटरला आधार होता तो मुख्यतः घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांचा. येथील परंपरेत कर्त्याचे नाव झाकले जात नाही, ते गायले जाते. श्रीधर कृष्ण कुलकर्णी हे ‘पठ्ठे बापूराव’ झाले आणि त्या नावाची मुद्रा त्यांच्या लावणीच्या शेवटी उमटत राहिली. शाहिराची नाममुद्रा उपलब्ध असल्याने तमाशाचा इतिहास शाहिरांच्या अनुक्रमाने लिहिणे सोपे गेले. मराठी समीक्षेने ही सोय निमूटपणे स्वीकारली. परंतु फर्माईश, दौलतजादा आणि प्रसंगी नापसंतीचा गलका यांनी कोणती लावणी टिकावी आणि कोणती मागे पडावी हे ठरविणारा प्रेक्षक या इतिहासात जवळजवळ अनामिकच राहिला.

कॅसिनो बंद झाल्यावर सहा आठवड्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. हा निव्वळ योगायोग. त्याला कार्यकारणभावाचे रूप देण्याचे कारण नाही. कॅसिनोची इमारत आगीत सापडून पुढे पाडली गेली, तरी तबकड्या हस्तांतरित होत राहिल्या आणि आजही त्यांवर नृत्य होते. गिरणगावात उलट घडले. संपानंतर प्रेक्षकच विखुरला, आणि १९९० च्या दशकात थिएटरही बंद पडले. तमाशाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, हे खरे. परंतु तमाशाचा प्रयोग सवालजवाबात आणि सोंगाड्याच्या आयत्या वेळच्या कोटीत असतो. तो तबकडीत मावत नाही.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या ग्रंथाने मौखिक इतिहासाच्या वाटेने कामगारांचे शब्द नोंदविले. तमाशाच्या अभ्यासाला अशी साधने अधिक लागतील. फडांच्या बाडांत लावणीचे शब्द सापडतात. कोणत्या कडव्याला पैसे पडले आणि ते पुन्हा म्हणावे लागले, याची नोंद त्यांत ठेवण्याची रीत नव्हती.